मंगलीच्या नावाला चिकटलेलं 'बाई'

चंद्रपूर,
१८ ऑगस्ट २००४

प्रिय गोपालभाऊ,

नमस्कार. पुण्याची नोकरी मानवली असेल. इथं अब्बू बरे आहेत, दुकानात बसू लागलेत. ऑफिसात तुझ्या टेबलावर आता प्रिंटर ठेवलाय.

गडचिरोलीकडच्या त्या दवाखान्याचं कॉम्प्युटरचं काम आता मीच पाहते. रुग्णांची नावं जुळवायला डेटाबेससाठी तू सी भाषेत लिहिलेलं फंक्शन, प्रोग्रामचा तो तुकडा, मी दुरुस्त केला. तू लिहीत होतास तेव्हाच मी म्हटलं होतं, "डेटाबेस नाव देतो आणि सोबत त्याची लांबी देतो. नावाच्या शेवटी 'इथं संपलं' अशी शून्याची खूण असेलच असं नाही. लांबी पाहून वाच." तू हसलास. "चालून राह्यलं ना? मग काऊन हात लावून राह्यली?"

चालत होतंच. शून्य योगायोगानं पडत होतं तोवर.

मंगली तपासायला आली त्या दिवशी यादीत आधी गिरिजाबाई होती, मग ती. इंग्रजी अक्षरांतलं मंगली कॉम्प्युटरच्या मेमरीत त्याच जागेवर लिहिलं गेलं, लहान पडलं, आणि गिरिजाबाईचं 'बाई' मागे तसंच राहिलं. तुझं फंक्शन थांबलंच नाही. मंगलीची मंगलीबाई झाली. आणि मंगलीबाई नावाची एक म्हातारी त्याच गावात खरंच आहे. तिचा सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा रिपोर्ट साफ, तोच सिकलसेल असलेल्या मंगलीच्या नावापुढे दिसला.

चूक उघडी पडल्यावर दवाखान्यात बैठक झाली. मी अब्बूंना घेऊन नागपूरला होते. तू सांगितलंस, टायपिंग करणाऱ्या चंचलनं नाव चुकवलं. तिला काढलं. आता ती मोहर्लीला एका हॉटेलात पर्यटकांची ताटं उचलते. मला म्हणाली, "ताई, मी बराबर टाइप केलं होतं. कोणी इश्वासच नाई ठेवला."

मी तीच नावं त्याच क्रमानं टाकून पाहिली. तेच झालं. तुला फोन केला, तर तू म्हणालास, "झालं ते झालं. आता काऊन उकरून काढून राह्यली?"

म्हणजे तुला माहीत होतं.

लिहायचं टाळत होते, पण लिहिते. मंगली गेली. सातवा महिना होता. अंग ठणकत होतं म्हणून आली, डॉक्टरबाईंनी स्क्रीनवर साफ रिपोर्ट पाहिला आणि तापाच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. पुन्हा आणेपर्यंत उशीर झाला होता. पोटातलं पोरही गेलं.

काल तिच्या नवऱ्याकडे, पोचूकडे गेले. सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "मंग त्या टायपिंगवाल्या पोरीले मी उगाच शिव्या देल्लो ना?"



दवाखान्याला मी तुझ्या नावानिशी लेखी कळवलंय. चंचलवर घेतलेला आळ तुला तुझ्या तोंडानं मागे घ्यावा लागेल. तिची माफी पत्रानं मागितलीस तरी चालेल. पोचूला मात्र पत्र पाठवू नकोस. त्याला वाचता येत नाही, आणि मी वाचून दाखवणार नाही. त्याच्या दारात तुला यावं लागेल.

अजून तरी भाऊ म्हणणारी,
अंजुम