हेडमास्तरांची घंटा

बाबा,

टेबलावरची घंटा शोधू नका, ती माझ्या पर्समध्ये आहे. हेडमास्तर रिटायर झाले, घंटा काही झाली नाही. काल गोगलगायीची कविता अर्ध्यावर असताना तुम्ही घंटा वाजवून तास संपवलात आणि तुमच्या नातीने मुकाट्याने पुस्तक मिटलं. पुढे काय झालं, हेसुद्धा तिने विचारलं नाही. तुम्हाला ती शिस्त वाटली, मी घंटा उचलली.

आज आम्ही रोपवाटिकेत खऱ्या गोगलगायी बघायला चाललोय. कविता तिथेच पुरी करू, अंधार पडला तरी चालेल.

जेवण झाकून ठेवलंय. दुपारी तुमचे मित्र तिच्या पहिलीच्या प्रवेशाचं बोलायला येतील. मुलगी कुठे आहे विचारलं, तर खुशाल सांगा, शाळेत गेलीये.

तुमची सून