डावखुरी गिटार

डावखुरे,

तुझी गिटार आली. चौदा महिन्यांपूर्वी तुझ्या वाढदिवसासाठी मी ती गुपचूप बनवायला टाकली होती, कारण डाव्या हाताची इलेक्ट्रिक गिटार तुला कुठल्याच दुकानात मिळेना. हे पत्र मात्र पाठवणार नाही, नाहीतर उत्तरासाठी दिवसभर दारातच बसेन.

मधल्या काळात मी कॉलेज सोडलं आणि तू मला. "तुला कशाचाच धीर निघत नाही," म्हणालीस. त्यावर मी कप फोडला, म्हणजे तुझंच म्हणणं खरं केलं. उशीर झाला म्हणून गिटारवाल्याशीही तीनदा भांडलो आणि भांडता भांडता त्याला आपलं सगळं सांगून बसलो.

"बाळा, ओरडून लाकूड वाळत नाही," एवढंच तो बोलला.

आज म्हणाला, "ती गेली ना? मग तारा उलट लावून देतो. तुला वाजवता येईल."

"हात लावू नका!" मी खेकसलो. मग स्टुलावर बसलो आणि हळूच विचारलं, "डाव्या हाताने शिकायला किती दिवस लागतात?"

"तुझ्यासारख्याला? लाकडापेक्षा जास्त."

म्हटलं, लागू देत.

अजून तुझाच,
भडकू