अकरावा सोमवार

बनशंकरी, बंगलोर
२० ऑगस्ट १९९४

ती. कावेरीअक्कास,
सा. न. वि. वि.

आजाराचं नाव कळलं, ल्युपस. डॉक्टर अंजली म्हणाल्या, शरीर आपल्याच मूत्रपिंडांना परकं समजून त्यांच्यावर उठतं. म्हणून ही सूज, म्हणून लघवीला फेस. रोज नाश्त्यानंतर आठ गोळ्या. रिकाम्या पोटी घ्यायच्या नाहीत. नेमाने घेतल्या तर मूत्रपिंडं वाचतील, नाहीतर मशीनवर रक्त धुवावं लागेल. गोळ्यांनी तोंड पुरीसारखं फुगलंय. हे म्हणतात, आता फोटोत मावत नाहीस.

तू सांगितलेले सोळा सोमवार श्रावणात धरले. मीठ डॉक्टरांनीच सोडायला लावलंय, म्हणजे निम्मं व्रत त्यांच्या नावावर! सोमवारी संध्याकाळपर्यंत पाण्याशिवाय तोंडात काही घालत नाही, अगदी तू करतेस तसं.

लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.
तुझी रूप

बेळगाव
२ सप्टेंबर १९९४

चि. सौ. रूपश्रीस,
अनेक आशीर्वाद.

एकादशीला कोठीत लपून गूळ खाणारी तू, आणि आता असे कडक उपास! पण वाचून बरं वाटलं. आई गेल्यावर तुझी वेणी मी घातली. आता इतक्या लांबून काय करणार? देवाला सांगणं तेवढं हातात. एकही सोमवार मोडू नकोस. उद्यापनाला मी येतेच. तोंड फुगलंय तर फुगू दे, ओळखीन मी.

पवनकुमारांना आशीर्वाद. पत्र धाडण्यात कंजुषी नको.
तुझी अक्का

बंगलोर, हॉस्पिटलमधून
१८ ऑक्टोबर १९९४

ती. अक्कास,
सा. न.

पाय खांबासारखे सुजले, दम लागायला लागला, म्हणून गुरुवारी दाखल केलं. डॉक्टरांनी घरून गोळ्या मागवल्या, तर बऱ्याच उरलेल्या. मी सांगितलं, उपाशी पोटी घ्यायच्या नाहीत ना, म्हणून सोमवारच्या बाजूला ठेवत गेले. त्या रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, या आजाराला आठवड्याची सुट्टी नसते. आता सहा महिने, दर महिन्याला सलाइनमधून कडक औषध. मूत्रपिंडं किती सावरतील, ते त्यांनाही सांगता येत नाही.

काल अकरावा सोमवार. नर्स स्वल्प, स्वल्प, थोडं तरी खा, करत इडली घेऊन उभी. सासूबाई म्हणाल्या, व्रत मध्येच मोडलं तर उलटतं. मला घास गिळवेना. गोळ्या राहिल्या. हे पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले, आणि मग बाहेर बाकावर जाऊन बसले.

तुझ्या शब्दावर धरलं. सोड म्हणूनही तूच सांग. दोष देत नाही गं.
तुझीच रूप

बेळगाव
२१ ऑक्टोबर १९९४

चि. रूपश्रीस,
आशीर्वाद.

पोस्टाची वाट नको, म्हणून शेजारच्या आप्पाजींच्या हाती देते. ते आजच बंगलोरला निघालेत.

चुकलं माझं. रिकाम्या पोटी नाही, हे तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस. मी वाचलं आणि पुढे गेले.

उरलेले सोमवार मी करते. भटजी म्हणाले, आजारी माणसाचं व्रत बहिणीने पुढे नेलं तर चालतं. खरं सांगू, ते नाही म्हणाले असते तरी मी हेच लिहिलं असतं. हे पत्र तुझ्या सासूबाईंना, सुशीलाबाईंना, वाचून दाखव. त्या मोठ्या आहेत, त्यांचा मान राखून सांगते, पाप लागायचं असेल तर ते मला लागू दे.

सोमवारी सकाळी तू खायचंस. मला बहीण हवी आहे.

खाल्लंस की एक कार्ड टाक. तोवर जिवाला चैन नाही.
अक्का

२४ ऑक्टोबर १९९४, सोमवार

ती. अक्कास,
सा. न.

आठ वाजता दोन इडल्या खाल्ल्या. मग गोळ्या, आठही. पाण्याचा पेला सासूबाईंनी हातात दिला.

तुझी रूप