एका घरातली एकच

२ मार्च, सोमवार

चिठ्ठी धाकटीची निघाली. थोरलीकडे बघवेना.

नियम माझाच – एका घरातली एकच बाई विचारायची, कोणती ते चिठ्ठीने ठरवायचं. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल विचारतोय हे घरात दुसऱ्या कुणाला कळलं, तर उत्तर देणारीवरच बेततं. म्हणून बाहेर सांगताना पाहणी 'कामगार बायकांची पाठदुखी आणि झोप' यांची. लाँड्रीमागच्या एका खोलीत दोघे भाऊ, दोघी जावा, मध्ये पडदा. परमुलखातून आलेली माणसं, परत जायला तोंड नाही.

नंतर नळाशी थोरलीने गाठलं. 'ताई, मला नाही विचारणार?' मी नियम सांगितला. वर हसलेसुद्धा!

४ मार्च, बुधवार

धाकटीची मुलाखत. इस्त्रीच्या हॉलमागे, हॉटेलांच्या चादरींच्या गठ्ठ्यांवर बसून. वाफेने चष्मा सारखा धुरकट.

सगळ्याला 'हो'. लाथा – हो. कोंडून ठेवणं – हो. गळा दाबला? – हो, डोळ्यांपुढे अंधारी आली. धडा म्हणावा तसं सांगत होती. गळ्याला हात घालणारा नवरा पुढे जीवही घेऊ शकतो, हे आमच्या कामात सगळ्यांना ठाऊक. ताबडतोब आश्रयगृहाला फोन केला. एकच जागा. तिच्या नावावर, वय सव्वीस, पुढच्या शुक्रवारपर्यंत राखतील. पत्ता लिहून दिला नाही, तिच्याकडून पाठ करून घेतला.

एक खटकलं. लग्नाला तीन वर्षं, मार सात वर्षं. समासात लिहिलं – 'स्मरणातली चूक'. होतात अशा.

६ मार्च

आईला जेवताना एवढंच म्हटलं की काम जड जातंय. म्हणाली, 'लोकांच्या घरात डोकवायचा पगार घेतेस. फुलं थोडीच पडणार अंगावर?' बोचलं. पण चूक काय त्यात?

९ मार्च, सोमवार

धाकटी दवाखान्यात आली. डॉक्टरीणबाईंनी मान पाहिली, पाठ पाहिली. मला बाहेर नेऊन म्हणाल्या, अंगावर साधा ओरखडाही नाही. आमच्या प्रमुखांचं मत – बाई भरवशाची नाही, मुलाखत रद्द करा. मला राग आला, तोही तिचाच. कुणाची तरी जागा अडवून बसलीय!

जाताना तिने हळूच विचारलं, 'माझ्या जागी दुसरी कुणी गेली तर चालेल का ताई?' नाही म्हटलं. नावावर असते जागा. मान हलवून गेली.

बसमध्ये एकदम लक्षात आलं. सात वर्षं थोरलीची. मार थोरलीचा, गळा थोरलीचा. मी थोरलीला विचारलं नाही, म्हणून धाकटीने तिचं सगळं स्वतःचं म्हणून सांगितलं. आणि मी समासात काय लिहिलं!

१० मार्च

आश्रयगृहाला विचारलं, नाव बदलता येईल का. त्या बाईने स्वतः बोललं पाहिजे, तिची संमती हवी, म्हणाले. दुसरी जागा महिनाभर तरी नाही. नियम योग्यच आहे. मी त्यांच्या जागी असते तर हाच केला असता.

११ मार्च, बुधवार

त्यांच्या खोलीवर गेले. थोरलीचा नवरा दारातच बुटांना पॉलिश करत बसलेला. या मॅडम, बसा मॅडम. साखर पेरत होता नुसती. मी पाठदुखीचे प्रश्न काढले – नवरा समोर असला की तेच काढायचे, ठरलेलं आहे. पाठ? बरी आहे. झोप? येते. थोरलीने गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला होता. मान कशी आहे, विचारलं.

'वळत नाही,' ती म्हणाली.

तो हसला. 'जुनं मशीन मॅडम. भंगारात पण कोण घेणार?'

मीही हसले. का हसले?

उठताना तिच्याकडे बघून म्हटलं, मानेसाठी जाऊन या, धाकटीला पत्ता माहीत आहे. याहून जास्त त्याच्यासमोर काय बोलणार? कळलं की नाही, तिच्या चेहऱ्यावरून काही समजलं नाही.

१२ मार्च

काही नाही. फोन उशाशी.

१३ मार्च, शुक्रवार

आश्रयगृहाच्या अधीक्षिकेचा फोन. बाई आलीय, नाव बरोबर सांगते, पण सव्वीसची काही वाटत नाही. चाळिशीची असेल. गळ्यावर बोटं उठलीयत. 'हीच ना तुमची?'

'हीच. वय माझ्याकडून चुकलं.'

सोबत कुणी आहे का, विचारलं. एक तरुण बाई सोडायला आली होती, दारावरूनच परत गेली. घरीच गेली असणार. थोरला 'बायको कुठाय' म्हणून विचारेल, तेव्हा त्या खोलीत उत्तर द्यायला आता ती एकटीच.