तीन वजा पाच

गुडगाव,
२२ नोव्हेंबर १९९८

चि. विनया,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पुण्याच्या नोकरीत रुळलीस, बरं झालं. इकडे ठीक. यांचा खोकला उतरलाय. पाणी वेळेवर येतं, वीज येत नाही. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या घरी भाजीवाला दारात यायचा. इथे आठव्या मजल्यावरून ओरडून भाव पाडावा लागतो. पाडते.

तनयाला गणितात चाळिसांपैकी अकरा मिळाले. ऋण संख्या. तीन वजा पाच, तर उत्तर शून्य. प्रत्येक ठिकाणी शून्य.

"आजी, तीनच होते ना? खतम. अजून काय काढणार?"

मी गणित घेऊन बी.एस्सी. झालेली. हे चालवून घेणार नव्हते. तिला लिफ्टमध्ये नेलं. तळमजला शून्य; त्याखाली पार्किंगचे दोन मजले, उणे एक आणि उणे दोन. तिसऱ्या मजल्यावर थांबलो.

"आता पाच उतर. दाब बटण."

दाबेना.

"प्लीज आजी, नीचे नको."

"मोटारी काय चावतात? घाबरट कुठली!"

शेवटी मीच दाबलं.

दार उघडलं. समोर मानसची गाडी, तू झाकून गेलीस तशीच. एप्रिलमध्ये तो तिथेच, त्याच गाडीत गेला, स्टिअरिंगवर डोकं टेकून. शेजारच्या सीटवर तनया होती. कुणी येईपर्यंत ती एकटी त्याला हाका मारत होती. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या वेळी मी गणित शिकवत होते.

ती रडली नाही. माझा पदर धरून म्हणाली, "उणे दोन. मला येतं, आजी. पेपरात लिहायचं नव्हतं."

मग म्हणाली, "मम्मीला सांगू नकोस, हं. ती तिकडे एकटी रडेल."

म्हणून सांगते आहे.

मार्चपर्यंत तिला इथेच राहू दे, वर्ष बुडेल, असं मी तुला ठणकावलं होतं. शाळा पुण्यातही आहेत. ती गेल्यावर या घरात आम्ही दोघं समोरासमोर बसून काय बोलणार, ते मला सुचत नव्हतं. अजूनही सुचत नाही.

नाताळच्या सुट्टीत ये आणि तिला घेऊन जा. तू आलीस की मी परीक्षेचं काढीन, थंडीचं काढीन, तुझ्या नोकरीच्या वेळा काढीन. ऐकू नकोस. तिची बॅग मी भरून ठेवते.

मानसची आई