कॅसेटमधला बाईचा आवाज

८ जानेवारी २००७
…तर त्या सकाळी मी शेण काढलं, अंगण झाडलं, विहिरीवरून दोन गुंड भरून पाणी आणलं, भाकरी थापल्या, आणि एवढं सगळं बिनआवाजात केलं. हे कापसाच्या खोलीत गात होते. खोली आढ्यापर्यंत भरलेली. कापसात आवाज घुमत नाही, हे यांनीच शोधून काढलेलं. नागपूरच्या कॅसेटवाल्यानं सांगितलं होतं, गळा बरा आहे, पण वेचणीची गाणी कोण विकत घेणार? सिनेमाच्या चालीवर भक्तिगीतं करा. हे तसेच घरी आले, टेपरेकॉर्डर कापसात रोवला आणि म्हणाले, "आता आपलीच कंपनी."
त्या सकाळच्या गाण्यावरून तीस कॅसेटी भरून घेतल्या. जुन्या कॅलेंडरचे पाठकोरे कागद कापून मी वेष्टणं केली, त्यावर यांनी हातानं लिहिलं : मारोतराव, बोरी अरब. दारव्ह्याच्या बाजारात तीन आठवड्यांत संपल्या. घरासाठी एक राहिली.
हे तापानं गेले त्याला दोन वर्षं झाली. मी आता सावरले आहे. आजपासून कॅसेट दिवसातून एकदाच.

९ जानेवारी
तीनदा ऐकली. पहिल्या वेळी सेल कमजोर होते, ती धरत नाही.

११ जानेवारी
सुमेधाताई आल्या होत्या. दारव्ह्याच्या शाळेत शिकवतात, मला वाचायला पुस्तकं देतात. २६ तारखेला शाळेत सगळ्यांसमोर यांची कॅसेट लावायची म्हणाल्या. जशी आहे तशी द्या म्हणाल्या. मी लगेच हो म्हटलं.
एकच अडचण. पहिलं कडवं संपतं तिथं कोणी बाई ओरडते, "अहो, सरकी कुठी ठेवली?" हे हसतात, म्हणतात, "कोठीच्या मांगं हाय, पाह्य ना," आणि दुसरं कडवं धरतात.
तो आवाज शेजारच्या मथुराबाईचा आहे. तिचा गळा पहिल्यापासून मोठा.

१२ जानेवारी
मथुराबाईला तसं सांगितलं. पदर तोंडाला लावून हसली. "मी कायले वो तुह्या नवऱ्याले अहो म्हणीन? माही सरकी माह्या घरी हाय." वर म्हणाली, बाजारात लोक त्या ओरडण्यासाठीच कॅसेट मागायचे. तिच्याकडे एक आहे, दिवाळीला लावतात. ती जागा आली की घरातले सगळे म्हणतात, हा तं आपल्यातलाच माणूस गाऊन राह्यला.
मी विषय वाढवला नाही. तिच्याशी बोलणं बंद केलं.

१५ जानेवारी
कापसाचा व्यापारी येऊन गेला. यंदाही भाव नाही. "बाई, खोली काहून अडवून ठेवता?" म्हणाला. भाव वाढेल तेव्हा काढीन, सांगितलं. मी रोज त्या खोलीत बसते ती उंदरांवर लक्ष ठेवायला. टेप सोबत असतो, कारण बाहेर धूळ फार.
आज दोनदाच. सुधारणा आहे.

१८ जानेवारी
जीपनं दारव्ह्याला गेले. कॉम्प्युटरवाला म्हणाला, बाईचं ओरडणं काढता येईल, तिथं काही ऐकू येणार नाही. यांचं एक अक्षर जाता कामा नये, असं बजावलं. नव्या कॅसेटवर भरू का, म्हणाला. चांगली कॅसेट हातात असताना नवी कशाला? ह्याच्यावरच भरा म्हटलं.
यांना हवं होतं तसं गाणं आता होईल. हे काम मी आधीच करायला हवं होतं.

२० जानेवारी
कॅसेट आणली. खोलीत बसून लावली. स्वच्छ झाली आहे.
पहिलं कडवं संपतं. मग काही नाही. मग हे हसतात. म्हणतात, "कोठीच्या मांगं हाय, पाह्य ना." कोणाला म्हणतात ते कळत नाही. एकट्यानंच बोलणाऱ्या माणसासारखं वाटतं.
पुन्हा लावली. त्या मोकळ्या जागेत मी विचारलं, "अहो, सरकी कुठी ठेवली?" उशीर झाला. यांचं उत्तर येऊन गेलं होतं.
परत लावली. या वेळी घाई झाली, कडव्यातच ओरडले. संध्याकाळपर्यंत सेल संपले. एकदाही जमलं नाही.

२१ जानेवारी
चौकातून कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. जुनं होतं तसं परत भरून दे म्हटलं. त्याच्याजवळ काही उरलेलं नाही. "तुम्हीच तं म्हणलं ना बाई, ह्याच्यावरच भरा." खरं आहे. मीच म्हटलं होतं.
सरकी कोठीमागंच असायची. रोज मीच काढून गाईला घालत होते. त्या सकाळीही मला माहीत होतं. हे पहाटेपासून खोलीत होते, दार लोटलेलं, माझ्याशी एक शब्द नाही. कडवं संपेपर्यंत मी दाराशी थांबले होते.
तीसमधली एक मथुराबाईकडे आहे. बाकीच्या कुठं गेल्या, ठाऊक नाही.

२२ जानेवारी
भाकरी झाल्यावर मथुराबाईच्या दारात गेले, तो आवाज माझा आहे असं सांगितलं आणि तिची कॅसेट मागितली.