उशिरा परतणाऱ्यांची पेटी

रेवी,

तू काल तणतणत निघून गेलास आणि आज ट्रक भरदुपारीच दारात! ‘ते पुके’ गावच्या फळबागेत किवीच्या वेली फुलल्या. भांडण नवरा-बायकोचं, फुलं कशाला थांबतील? मधमाश्या रानात असतानाच त्यांच्या पेट्या न्याव्या लागल्या. तू असतास तर ट्रकवाल्याला संध्याकाळपर्यंत गप्पांत अडकवलं असतंस.

मागे राहिलेल्यांसाठी जुन्या जागी एक पेटी ठेवली आहे, आत अळ्या-पिल्लांच्या पोळ्याची एक चौकट घालून, म्हणजे त्या तिथे थांबतील. बघ तरी जाऊन! एवढासा जीव, पण डोंगरापलीकडून येतो आणि बरोबर त्याच हातभर जागेवर उतरतो, तोही पायांना पराग लावून. अशांच्या जिवावर अख्ख्या बागेला फळ धरतं. आपल्याला मेलं एकमेकांशी नीट बोलता येत नाही.

राणीशिवाय त्या फार दिवस टिकणार नाहीत. अंधार पडला की पेटीच्या तोंडात गवत कोंब आणि बागेत घेऊन ये. मी तिथेच आहे.

रताळी उकडून झाकून ठेवली आहेत, खाऊन नीघ. पेट्या हलल्या, घर हललेलं नाही. दार नुसतं लोटलंय.

पानिया